पळत्या घराचे फोटो काढणारा मुलगा: जाक आँरी लार्तिग

मागच्या वर्षी माझी आजी गेली. तेराव्याला फ्रेम करून ठेवायला तिचा एक चांगला फोटो हवा होता आणि घरातला 'कॉम्प्युटरवाला' मी, त्यामुळे शोधायचं काम माझ्याकडे आलं. फोनमध्ये सुमारे २१ हजार फोटो. गॅलरीत तिचा चेहरा निवडून सर्च केलं तर चारशेच्या वर निघाले. आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत आजी तशीच: पदर सारखा केलेला, पाठ ताठ, हात मांडीवर, नजर सरळ लेन्सकडे. आधार कार्ड काढायला बसल्यासारखी. आमची आजी अशी नव्हतीच हो. ती एका जागी दोन मिनिटं गप्प बसली तर घरचे कपाळाला हात लावून ताप बघायचे.

एकच फोटो वेगळा निघाला. खाली पेपर पसरलाय, मेथी निवडणं चाललंय, आजी फ्रेमबाहेरच्या कुणाला तरी हसत हसत झापतेय आणि उजवा हात हलल्यामुळे पुसट झालाय. फोटो जरा खालून काढलेला, वाकडा. बाबांनी फ्रेमसाठी अर्थातच ताठ बसलेला निवडला. मी दुसरा ठेवला. पण तो कुणी काढला, कधी काढला, काही कळेना. फॅमिली ग्रुपवरून फॉरवर्ड होत आलेला, त्यामुळे फाइलमधली तारीख-वेळेची मूळ माहिती वाटेत गळालेली.

तेव्हा मला लार्तिग आठवला. घरच्या माणसांचे न सजवलेले फोटो म्हटलं की जगात ज्याचं नाव पहिल्या काहींत येतं, तो हा फ्रेंच माणूस. माझी त्याची ओळख मात्र कलेतून नाही, एका बगमधून झाली. ती गोष्ट पुढे येईलच.

टोपण काढा, आकडे मोजा, टोपण लावा

जाक आँरी लार्तिग जन्मला १३ जून १८९४ रोजी, पॅरिसजवळच्या कुर्बव्हा इथे. घर भरपूर श्रीमंत. वडिलांना मोटारींचं वेड, फोटोग्राफीचं वेड. थोरला भाऊ मोरिस, ज्याला सगळे झिसू म्हणत, त्याला तर कशाचं वेड नव्हतं हेच विचारा. धाकटा जाक तब्येतीने किरकोळ. बाकीचे धावायचे, हा बघायचा.

कॅमेरा मिळायच्या आधी त्याने स्वतःचा एक 'कॅमेरा' शोधला होता. तो मोठेपणी ही आठवण सांगत असे. डोळे पटापट मिटायचे, उघडायचे, गर्रकन फिरायचं, की समोरचं सगळं आत पकडलं जातं, रंग, आवाज, वाससुद्धा. काही दिवस त्याला वाटलं की हे जमतंय. मग जमेना, आणि तो अक्षरशः आजारी पडला. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण पुढच्या ऐंशीएक वर्षांत तो जे करत राहिला त्याचं मूळ इथे आहे. निसटून जाणाऱ्या गोष्टींची त्याला भीती वाटायची.

१९०२ च्या सुमारास वडिलांनी त्याला स्वतःचा कॅमेरा दिला. कॅमेरा म्हणजे आज तुमच्या खिशात आहे तसला नाही. लाकडी खोकं, तिवई आणि आत १३ बाय १८ सेंटीमीटरची काचेची प्लेट. मागून बघायला पोराला स्टुलावर चढावं लागे. शटर नव्हतं. लेन्सवरचं टोपण हाताने काढायचं, मनात आकडे मोजायचे, टोपण परत लावायचं. तेवढा वेळ समोरचा माणूस हलला की तो फोटोत पुसट होणार.

म्हणजे जुन्या फोटोंतली माणसं खांबासारखी ताठ का दिसतात, त्यात स्वभावाचा भाग कमी आणि एक्सपोजर टाइमचा भाग जास्त आहे. फोटो काढताना हलायचं नाही, हा नियम यंत्राने लावला. यंत्र बदललं तरी नियम मात्र आपल्या आज्यांच्या पाठीत तसाच राहिला.

लार्तिग भावांनी या मर्यादेचाच खेळ केला. १९०५ चा एक फोटो आहे. झिसू पांढरी चादर पांघरून उभा, आणि त्याच्या आरपार मागचं सगळं दिसतंय. चक्क भूत! युक्ती सोपी आहे. लेन्स उघडी असताना थोडा वेळ उभं राहायचं आणि मग बाजूला व्हायचं. अर्ध्या वेळात प्लेटवर झिसू उमटतो, उरलेल्या अर्ध्या वेळात मागची बाग. तुमच्या फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर स्पीड ४ सेकंद ठेवा, फोन कशाला तरी टेकवा आणि भावाला चादर द्या. आजही चालतं.

कॅमेरा हलका झाला आणि घर पळायला लागलं

लार्तिगचं नशीब असं की तो अगदी योग्य वेळी लहान होता. त्याच्या आधीच्या पिढीला काचेवर ओलं रसायन लावून, ते वाळायच्या आत फोटो काढून धुवावा लागायचा. त्याच्या जन्माच्या आसपास जिलेटिनच्या कोरड्या प्लेट सगळीकडे मिळू लागल्या होत्या. त्या प्रकाशाला कितीतरी जास्त संवेदनशील. चांगल्या उन्हात सेकंदाच्या छोट्याशा भागात फोटो निघायचा. पाठोपाठ हातात धरायचे कॅमेरे आले. वडिलांकडे पैसा होता, त्यामुळे नवीन काही निघालं की ते घरात यायचं. गोमाँ कंपनीचा 'ब्लॉक-नोट' नावाचा छोटा कॅमेरा होता, प्लेट फक्त साडेचार बाय सहा सेंटीमीटरची. तो लार्तिगकडे होता.

आणि आता घर पळायला लागलं. १९०४ मध्ये त्याला सांभाळणारी दाई द्युद्यू चेंडू उडवतेय. १९०५ मध्ये बिशोनाद नावाची बहीण, नात्याने चुलत की आते ते तुम्ही शोधा, जिन्यावरून झेप घेतेय. लांब झगा, डोक्यावर हॅट, हात पसरलेले, पाय जमिनीच्या वर. १९१० मध्ये रूझाच्या वाड्यावर झिसूने घरी बनवलेलं ग्लायडर हवेत उठतंय आणि खाली सगळी पोरं आपणही उडणार असल्यासारखी उड्या मारतायत. त्या ग्लायडरचं नाव झेड-वाय-एक्स २४. म्हणजे त्याआधीचे किती पडले असतील, अंदाज करा. १९११ मध्ये झिसू टायरच्या ट्यूबमध्ये बसून तळ्यात तरंगतोय, डोक्यावर हॅट आहेच.

बिशोनादच्या उडीचं थोडं गणित करू. ती सेकंदाला ३ मीटर वेगाने येतेय असं धरा. शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडं राहिलं तर तेवढ्यात ती ३ सेंटीमीटर पुढे सरकणार, चेहरा पुसट होणार. तीनशेवा भाग धरला तर १ सेंटीमीटर. चालून जाईल. पण खरी अडचण पुसटपणाची नाही, वेळेची आहे. ती उडीच्या सगळ्यात वर कधी असेल?

तुमच्या फोनला हा प्रश्न बराचसा पडतच नाही. बऱ्याच फोनमध्ये कॅमेरा अॅप उघडं असताना सेन्सर सतत फ्रेम घेत असतो आणि शेवटच्या काही फ्रेम मेमरीत फिरत राहतात. तुम्ही बटण दाबलं की फोन त्यातली दाबण्याच्या क्षणाची, कधी त्याच्या थोडी आधीचीही, फ्रेम उचलतो. म्हणजे तुमचं बोट उशिरा पडलं तरी फोन ते सांभाळून घेतो. लार्तिगकडे एका वेळी एक प्लेट. चुकलं की ती बदला आणि बहिणीला परत जिना चढायला सांगा. त्याला क्षण येण्याआधी बोट हलवावं लागायचं. ते जमलं कारण समोरची माणसं त्याची होती. झिसू कधी पडणार, दाई चेंडू किती उंच टाकणार, हे त्याला ठाऊक होतं. ओळखीच्या माणसाचा अंदाज बांधता येतो. परक्याचा बांधायला तो नंतर शिकला, पॅरिसमधल्या बुआ द बुलोन्यच्या रस्त्यावर फॅशनेबल बायकांची वाट बघत उभं राहून. काही जणी चिडायच्या. तसलं काम आज मी करणार नाही आणि तुम्हीही करू नका.

एक खुलासा करायला हवा. यातलं सगळंच काही नकळत टिपलेलं नाही. बिशोनादला माहीत होतं की समोर भाऊ कॅमेरा घेऊन उभा आहे. कदाचित त्याच्यासाठीच ती उडी होती. पण पोज देणं वेगळं आणि खेळणं वेगळं. त्या घरात कॅमेरा हा खेळातला आणखी एक गडी होता, त्याच्यामुळे खेळ थांबत नसे.

लंबगोल चाकं

आता तो बग. पहिल्या नोकरीत मी एका कॅमेरा अॅपच्या टीममध्ये होतो. चालत्या गाडीतून काढलेल्या व्हिडिओत विजेचे खांब तिरके दिसतात, अशी तक्रार आली. मी दोन दिवस लेन्सचं गणित तपासत बसलो. शेवटी सीनियरने मला एक जुना कृष्णधवल फोटो दाखवला. रेसिंगची मोटार उजवीकडे सुसाट चाललीय, मागचा भाग फ्रेमबाहेर कापलेला. चाक गोल नाही, अंड्यासारखं पुढे झुकलेलं. आणि मागची माणसं नि खांब उलट्या बाजूला कलंडलेले. खाली नाव लार्तिग.

झालं काय, तर त्या कॅमेऱ्यात प्लेटच्या अगदी पुढे कापडी पडदा होता आणि त्यात एक आडवी फट. फट सरकत जायची आणि प्लेटची एकेक पट्टी उजळायची. आख्खा फोटो एका क्षणात उमटत नसे. जमिनीकडचा भाग आधी, वरचा भाग नंतर. तेवढ्यात मोटार पुढे गेलेली, म्हणून चाकाचा वरचा भाग पुढे उमटला. शिवाय लार्तिग मोटारीबरोबर कॅमेराही फिरवत होता, पण मोटारीपेक्षा हळू. त्यामुळे कॅमेऱ्याच्या दृष्टीने मागची माणसं उलट्या दिशेने सरकत होती आणि ती उलटी झुकली. एकाच फोटोत दोन वेगवेगळे झुकाव.

फोनचा सेन्सर हेच करतो, फक्त पडदा नसतो. पिक्सेलच्या ओळी एकामागोमाग एक वाचल्या जातात. याला रोलिंग शटर म्हणतात. कोकण रेल्वेच्या खिडकीतून व्हिडिओ काढा, जवळचा प्रत्येक खांब तिरका दिसेल. माझा 'बग' शंभर वर्षं जुना निघाला.

लार्तिगला हा फोटो फसलेलाच वाटला. मोटार कापलेली, चाक वाकडं. त्याने तो बाजूला ठेवला आणि कित्येक वर्षं तो तसाच पडून होता. पुढे तोच त्याचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो झाला. आज वेग दाखवायचा म्हणून कार्टूनवालेही चाक पुढे झुकवून काढतात.

यात आणखी एक गंमत आहे, किंवा मला तरी ती टोचते. अनेक वर्षं या फोटोखाली छापलं जायचं: फ्रान्सची ग्रां प्री, १९१२, देलाज मोटार. नंतर अभ्यासकांनी गाडी आणि तिच्यावरचा क्रमांक तपासला तेव्हा कळलं की ती १९१३ ची शर्यत होती आणि गाडी तेओदोर श्नेडर कंपनीची. ज्या माणसाने आयुष्यभर सगळं लिहून ठेवलं, त्याच्या सगळ्यात गाजलेल्या फोटोची तारीख चुकलेली!

वही

सगळं लिहून ठेवलं, हे मी उगाच म्हणत नाही. १९११ च्या सुमारापासून लार्तिगची रोजची डायरी आहे. आजचं हवामान कसं, कुठे गेलो, कोण भेटलं. आणि शेजारी दिवसभरात काढलेल्या फोटोंची छोटी रेखाचित्रं. प्लेट अजून धुतलेली नसायची, फोटो आलाय की नाही हे माहीत नसायचं. म्हणून आठवणीतून चित्र काढून ठेवायचं, निदान तेवढं तरी हातात राहील. काही फोटो नीट आले नसतील, पण त्यांची रेखाचित्रं आहेत. मेटाडेटा म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर हल्ली मी याचंच उदाहरण देतो. फोन प्रत्येक फोटोत तारीख, वेळ, लेन्स, कधीकधी ठिकाणही आपोआप लिहितो. पण त्या क्षणी कोण कुणाला का झापत होतं, हे त्यात नसतं.

वहीबरोबर अल्बम. मोठ्या पानांचे, स्वतः फोटो चिकटवून, खाली नावं लिहून. आयुष्यभरात असे सव्वाशेहून जास्त अल्बम झाले. फोटो सुमारे १ लाख. पण इथे थोडं सावध राहायला हवं. म्हातारपणी त्याने जुने अल्बम उसकटून नव्याने लावले, काय ठेवायचं काय नाही ते पुन्हा ठरवलं. त्याच्या अल्बममध्ये उन्हं, समुद्र, विमानं, सुंदर बायका भरपूर आहेत. पहिलं महायुद्ध जवळजवळ नाही. १९१९ मध्ये त्याचं लग्न झालं, माद्लेन मेसाजेशी, जिला तो बिबी म्हणे. १९२१ मध्ये मुलगा दानी झाला. दुसरं मूल, मुलगी, काही महिन्यांतच गेली. १९३१ मध्ये घटस्फोट झाला. वडिलोपार्जित पैसाही आटत गेला. अल्बम उलगडताना मात्र वाटतं की या माणसाच्या आयुष्यात रविवारच होते.

याला खोटेपणा म्हणायचं का? मी बराच विचार केला. माझ्या २१ हजार फोटोंत आजीचं शेवटचं आजारपण आहे का? नाही. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी फोन काढला होता आणि परत खिशात ठेवला. मग लार्तिगला कोणत्या तोंडाने बोलणार.

बिबीचाही एक फोटो आहे, जानेवारी १९२० चा, हनिमूनला शामोनीच्या हॉटेलातला. दार उघडं आणि बिबी टॉयलेटवर बसून कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. नवरा-बायकोतला मोकळेपणा म्हणून फोटो सुंदर आहे. पण तो त्यांच्या अल्बममध्ये होता, ग्रुपवर टाकलेला नव्हता. पुढे तो जगासमोर आला तेव्हा तिला काय वाटलं असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

६९ व्या वर्षी 'नवीन' फोटोग्राफर

एवढं सगळं करूनही लार्तिग स्वतःला फोटोग्राफर म्हणवत नसे. तो चित्रकार होता. तरुणपणी पॅरिसच्या आकादमी ज्युलियाँमध्ये शिकला आणि चित्रं विकून पोट भरलं. फोटो अधूनमधून छापून येत, पण ती घरातली गोष्ट.

१९६२ मध्ये तो आणि त्याची तिसरी बायको फ्लोरेत अमेरिकेला फिरायला गेले. न्यूयॉर्कमध्ये एका फोटो एजन्सीचे चार्ल्स राडो यांनी त्याचे जुने फोटो पाहिले आणि म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जॉन झारकोव्स्की यांच्याकडे नेले. झारकोव्स्की तिथल्या फोटोग्राफी विभागाचे नुकतेच प्रमुख झाले होते. १९६३ मध्ये तिथे प्रदर्शन लागलं. लार्तिग ६९ वर्षांचा होता आणि भिंतीवरचे फोटो बहुतेक त्याच्या शाळकरी वयातले.

त्याच नोव्हेंबरमध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने त्याच्या फोटोंना भरपूर पानं दिली. नेमका तोच अंक राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येच्या बातमीचा निघाला. शोकात बुडालेल्या अमेरिकेने घराघरात तो अंक घेतला, जपून ठेवला. आणि आत कुठेतरी १९०५ मधली एक मुलगी जिन्यावरून उडी मारत होती.

१९७० मध्ये प्रसिद्ध फोटोग्राफर रिचर्ड अॅव्हेडॉन यांनी त्याच्या फोटोंचं आणि डायरीचं पुस्तक केलं. १९७४ मध्ये फ्रान्सचे नवे राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांचा अधिकृत फोटो काढायला लार्तिगलाच बोलावलं. अख्ख्या आयुष्यात घरच्यांना स्थिर उभं न करणाऱ्या माणसाने सरकारी कचेऱ्यांत लावायचा फोटो काढला, हे मला फार आवडतं.

कुणी न शिकवलेला बालप्रतिभावंत, अशी त्याची प्रतिमा त्या प्रदर्शनाने पसरवली. ती पुरती खरी नाही. वडील स्वतः फोटो काढायचे, त्यांनीच त्याला शिकवलं. उड्या, शर्यती, विमानं टिपायचा छंद तेव्हाच्या अनेक हौशी लोकांना होता. पण त्या बाकीच्या हौशी लोकांच्या प्लेटा गेल्या कुठे? माळ्यावर, मग भंगारात. लार्तिगच्या राहिल्या, कारण त्याने नावं लिहिली होती, पानं चिकटवली होती. १९७९ मध्ये त्याने सगळं, निगेटिव्ह, अल्बम, डायऱ्या, फ्रेंच सरकारला देऊन टाकलं. १२ सप्टेंबर १९८६ रोजी नीस शहरात तो गेला. वय ९२. शेवटपर्यंत फोटो काढत होता.

आजीच्या फोटोबद्दल मी शेवटी ग्रुपवर विचारलं. आत्या म्हणते, तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीचा आहे. काका म्हणतात, शक्यच नाही, मागे जुनी फरशी दिसतेय, म्हणजे त्याच्याही आधीचा. फोटो कुणी काढला यावर मात्र मला एक धागा मिळाला. आजी खाली बसलीय, तरी लेन्स तिच्या हनुवटीच्या खाली आहे. मोठं माणूस एवढ्या खालून फोटो काढत नाही. तेव्हा घरात आत्याचा फोन घेऊन पळणारं एकच माणूस होतं, माझी भाची, वय सहा. तिला विचारलं तर तिला आठवत नाही. आजी कुणाला झापत होती तेही मग कळलं असावं. फोटोच्या डिस्क्रिप्शनमध्ये मी दोन्ही तारखा लिहिल्यात आणि पुढे भाचीचं नाव, प्रश्नचिन्हासकट.